शनिवारचा बंद घाणा

अलिबागला जाणारी मंडळी समुद्रावर जातात, ओहोटी असली तर चालत कुलाबा किल्ल्यात जाऊन येतात, हंगाम असेल तर पांढऱ्या कांद्याची माळ घेतात आणि परत फिरतात. गावातच एक इस्राएल आळी आहे, तिकडे फारसं कुणी वळत नाही. या नावाची आळी कोकणात कशी आली, असा प्रश्न माझ्या वर्गातली मुलं दरवर्षी विचारायची. तेहतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला, त्यातली बरीचशी रायगड जिल्ह्यातच. त्यामुळे हा प्रश्न मला पाठ झाला होता आणि उत्तरही. आज मात्र ते उत्तर थोडं लांबवून सांगणार आहे. कारण शेवटी मला आपल्याच घरातल्या एका गोष्टीकडे यायचं आहे. नातेवाईक मंडळींनी शेवटपर्यंत वाचावं ही विनंती!

तर कथा अशी सांगतात, की खूप खूप वर्षांपूर्वी एक गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. पोथ्या, सामानसुमान सगळं समुद्रात गेलं. ती माणसं इथेच राहिली आणि तेल गाळायचा धंदा करू लागली. गावोगाव पसरली, मराठी बोलू लागली आणि गावांवरून आडनावंही घेतली. पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहीमकर, अष्टमकर, दिवेकर... हे आपले बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. ‘बूट पॉलिश’ (१९५४) सिनेमातले जॉन चाचा आठवतात? ते डेव्हिड याच समाजातले.

गलबताची कथा किती खरी, किती नंतर रचलेली, याचा वाद अभ्यासकांनी घालावा. मला त्यातली एक वेगळी गोष्ट फार आवडते. या लोकांजवळ धर्मग्रंथ राहिले नव्हते, पण काही गोष्टी त्यांनी धरून ठेवल्या. मुलग्यांची सुंता करायची, खवले नसलेला मासा खायचा नाही, आणि शनिवारी काम करायचं नाही. शुक्रवारचा सूर्य मावळला की घाणा थांबायचा, तो शनिवारी सूर्य मावळेपर्यंत बंद. म्हणून गावकऱ्यांनी त्यांना नाव दिलं ‘शनिवार तेली’.

या नावाचा मी पुष्कळ विचार केला आहे. गावातल्या शेतकऱ्याला, कोळणीला, भटजींना शब्बाथ म्हणजे काय हे माहीत असणं शक्यच नव्हतं. त्यांना एवढंच कळलं, की हा तेली शनिवारी तेल गाळत नाही. बरं, मग आपण शुक्रवारीच तेल आणून ठेवावं! झालं. कुणी त्याला ‘शास्त्राधार दाखव’ म्हणालं नाही. त्याची वेगळी चाल गावाने ओळखली, तिला एक नाव दिलं आणि आपला बाजाराचा दिवस थोडा इकडचा तिकडे केला.

प्रार्थनेच्या जागेचंही तसंच. मुंबईत १७९६ साली सॅम्युएल दिवेकर यांनी बेने इस्राएलांचं पहिलं प्रार्थनालय बांधलं. लोक त्याला मशीद म्हणू लागले आणि मशीद बंदर हे नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. पुण्यात लष्कर भागात डेव्हिड ससून यांनी बांधवलेलं, लाल विटांचं, उंच मनोऱ्याचं प्रार्थनालय आहे. त्याला पुणेकर काय म्हणतात? ‘लाल देऊळ’! एकाच धर्माचं प्रार्थनास्थळ मुंबईला मशीद आणि पुण्याला देऊळ. नाव चुकलं, पण भाव चुकला नाही. ही देवाची जागा आहे, इथून जाताना आवाज हळू ठेवायचा, एवढं सगळ्यांना बरोबर समजलं होतं.

आणि देवाणघेवाण दोन्हीकडून होती. त्यांच्याकडे शुभकार्याला ‘मलिदा’ करतात. गोड पोहे, ओलं खोबरं, फळं ताटात मांडून एलियाहू हन्नाबी या त्यांच्या प्रेषिताची प्रार्थना म्हणतात. प्रार्थना हिब्रू आणि पोहे कोकणातले! त्यांच्या बायका मंगळसूत्र घालत, लग्नात मेंदी लावत. म्हणून काही त्यांचा धर्म बुडाला नाही.

माझ्या वर्गात एकदा या समाजातली एक मुलगी होती. त्या काळी शनिवारी सकाळची शाळा असे. तिचे वडील भेटायला आले आणि म्हणाले, “बाई, ती शनिवारी शाळेत येईल, पण लिहिणार नाही. चालेल का?” मी म्हटलं, चालेल की. ती शनिवारी नुसती ऐकत बसायची आणि सोमवारी मधल्या सुट्टीत शुद्धलेखन घालायची. पहिले दोन आठवडे बाकीच्या मुलांना नवल वाटलं, मग ती गोष्ट सवयीची झाली. पुढे पुढे तर शेजारची मुलगीच तिला आठवण करायची, “अगं, आज शनिवार, पेन्सिल ठेव!”

ही गोष्ट सांगितली की ऐकणारे माझं कौतुक करतात. पण खरं सांगू का, त्यात कौतुक करण्यासारखं काही नव्हतं. मला काय सोडावं लागलं? काहीच नाही. तिचा देव तिच्या घरी, माझा माझ्या घरी. परक्याच्या देवाला नमस्कार करायला आपल्याला काही पडत नाही.

आता याच जिल्ह्यातली दुसरी गोष्ट ऐका. १९८१ पर्यंत रायगड जिल्ह्याचं नाव कुलाबा जिल्हा होतं. शनिवार तेल्याला शतकानुशतकं त्याचा शनिवार मिळाला, तो याच जिल्ह्यात. आणि महाडही याच जिल्ह्यात.

महाडचं चवदार तळं नगरपालिकेने १९२४ सालीच ठराव करून सर्वांना खुलं केलं होतं, पण कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरची हजारो माणसं तळ्यावर गेली आणि ओंजळीने पाणी प्यायली. परधर्मीयांना तिथे मनाई नव्हती, गुराढोरांनाही नव्हती. मनाई होती ती हिंदूंच्यातल्याच अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या माणसांना. पुढे काय झालं ते शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येतं. मी मात्र वर्गात तिथे थांबायची. पाणी पिऊन लोक परतत होते, तेवढ्यात गावात अफवा उठली, की आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार! त्या अफवेवर जमाव जमला आणि निरपराध माणसांना मारहाण झाली. नंतर तळ्याची ‘शुद्धी’ सुद्धा केली गेली. तळ्यावरचा हक्क मुंबई उच्च न्यायालयात शाबीत व्हायला १९३७ साल उजाडलं.

एकदा एका मुलाने विचारलं, “बाई, शनिवार तेल्याला चालतं, मग यांना का नाही?” मी तासाला फळ्यावर पुष्कळ काही लिहिलं, पण या प्रश्नाचं उत्तर अजूनही माझ्या डोक्यात फिरत असतं. आज मला वाटतं ते असं. शनिवार तेली आपल्याकडे काही मागत नव्हता. तो आपल्या देवळाच्या दाराशी आला नाही. गावाच्या उतरंडीत त्याला एक जागा ठरवून दिलेली होती, तेल्याची, आणि तो तिथे बसला होता. महाडला आलेली माणसं मात्र म्हणत होती, हे पाणी आमचंही आहे आणि तो देव आमचाही आहे. इथे आपल्याला सरकून जागा द्यावी लागणार होती. जो आपल्या देवाशी आपल्या बरोबरीने उभा राहायला येतो, तिथे आपली परीक्षा असते.

नाशिकला काळाराम मंदिरासमोर २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला, तो पुढे काही वर्षं चालला. रामाच्या दारात रामाचं दर्शन मागायला! आणि दार उघडलं नाही. पंढरपूरला ज्या विठ्ठलापुढे चोखोबांची समाधी आहे, त्या विठ्ठलाचं देऊळ सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १ मे १९४७ पासून उपोषण करावं लागलं. १० मे रोजी ते सुटलं. स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलं होतं आणि एक शाळामास्तर देवाच्या दारात उपाशी बसला होता. मी स्वतः शिक्षिका, त्यामुळे हे चित्र मला फार जवळचं वाटतं. गुरुजी स्वतःसाठी दर्शन मागत नव्हते. त्यांना स्वतःला आत जायला कुणी अडवलं नव्हतं. आपल्याला जे मिळतं ते दुसऱ्याला मिळत नाही, हे त्यांना सोसवत नव्हतं.

आपली घटना लिहिणाऱ्यांना हे दोन्ही अनुभव ठाऊक होते. म्हणून पंचविसावं कलम मला मोठं शहाणपणाचं वाटतं. मुलांना मी ते असं समजावून सांगायची: पहिल्या भागात प्रत्येकाला आपल्या बुद्धीप्रमाणे धर्म मानायचं, पाळायचं आणि त्याचा प्रसार करायचं स्वातंत्र्य दिलं आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य सांभाळून. हा झाला शनिवार तेल्याचा हक्क. आणि त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात सांगितलं आहे, की सार्वजनिक स्वरूपाची हिंदू धर्मस्थळं हिंदूंच्या सर्व वर्गांना खुली करण्यासाठी सरकार कायदा करू शकतं. हा झाला महाडचा आणि पंढरपूरचा धडा. एका कलमात दोन्ही घातले, कारण एकावाचून दुसरा लंगडा आहे.

आता कुणी म्हणेल, हे फक्त हिंदूंचंच का सांगता? नाही हो. बेने इस्राएलांचंच बघा ना. त्यांच्यातही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता आणि त्यांच्यात बेटीव्यवहार होत नसे. आणि पुढची गोष्ट तर जास्तच बोलकी आहे. १९४८ नंतर हे लोक मोठ्या संख्येने इस्राएलला जाऊ लागले. जिथे सगळे आपल्याच धर्माचे, अशा देशात. तिथे काय झालं? साठीच्या दशकात तिथल्या मुख्य धर्मगुरूंच्या पीठाने म्हटलं, यांच्याशी लग्न लावण्याआधी यांच्या मागच्या पिढ्या तपासा, हे अस्सल ज्यू आहेत की नाहीत ते पाहा! ज्या माणसांनी पोथी हरवली तरी शनिवार सोडला नाही, त्यांना हा प्रश्न विचारला गेला. त्यांनी आंदोलन केलं, रस्त्यावर बसले. अखेर १९६४ साली तिथल्या संसदेने ठराव केला, की बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत, आणि मग ती अट मागे पडली. कोकणातल्या गावात त्यांना जो प्रश्न कुणी विचारला नाही, तो त्यांच्या धर्मबांधवांनी विचारला.

मुंबईच्या हाजी अली दर्ग्यात सगळ्या धर्मांची माणसं जातात. पण मधल्या काही वर्षांत मजारीपर्यंत जायला बायकांना बंदी घातली गेली. मुसलमान बायकांनाच न्यायालयात जावं लागलं. २०१६ साली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि त्याच वर्षी त्या आत गेल्या. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्याचा प्रश्नही २०१६ सालीच सुटला. तिथेही अडवलेल्या बायका त्याच देवाच्या भक्त होत्या.

सगळीकडे एकच दिसतं. दुसऱ्या धर्माचा मान राखणं आपण निदान थोडंफार शिकलो आहोत, आणि हल्ली तेही विसरत चाललो आहोत हे दुःख आहेच. पण आपल्याच देवासमोर आपल्याच माणसाला उभं राहू देणं, हे जास्त अवघड जातं.

असो. आता घरच्या गोष्टीकडे येते.

आपल्या पेणच्या घरचा गणपती तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. अण्णा होते तोवर पूजेला तेच बसायचे. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. माई या घरात आल्या त्याला आता सत्तेचाळीस वर्षं होतील. एकवीस दुर्वांच्या जुड्या त्या करतात, पत्री त्या निवडतात, चौरंग त्या मांडतात आणि मोदकाची उकड त्यांच्याशिवाय कुणाला जमत नाही. अथर्वशीर्ष त्यांना अण्णांपेक्षा चोख येतं, हे अण्णाच सांगायचे. गेल्या वर्षी आरती चालू असताना माई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभ्या होत्या. औक्षणाचं ताट त्यांनीच तयार केलं आणि दुसरीच्या हातात दिलं. कुणी त्यांना मागे हो म्हटलं नव्हतं. म्हणावं लागत नाही, बायकांना आपली जागा कळते.

मागच्या आठवड्यात आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो होतो. मान वर न करता त्या म्हणाल्या, “यंदा पूजेला मी बसू का गं?”

हे मी घरात बोलले. काहींना लगेच पटलं. काहींचे फोन आले. “शास्त्रात बसत नाही.” “मुलगा येतोय ना बंगळूरहून, तो बसेल.” “लोक काय म्हणतील?” एक जण तर म्हणाला, “काकू, आपण इतर धर्मांचा एवढा मान ठेवतो, ईदचा शिरखुर्मा खातो, नाताळचा केक खातो, आता आणखी काय करायचं?” त्याच्यावर मी रागावले नाही. पण हा लेख मी त्याच्यासाठीच लिहिते आहे. बाळा, शिरखुर्मा खाल्लास ते छानच केलंस. तो शुक्रवारी तेल आणून ठेवण्याइतका सोपा भाग आहे. अवघड भाग आपल्या देवघरात आहे.

शास्त्राचं म्हणाल, तर पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने स्त्रियांना पौरोहित्य शिकवायला घेतलं त्यालाही कितीतरी वर्षं झाली. बायका लग्नं लावतात, मुंजी लावतात. लोकांचं म्हणाल, तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने २०२२ च्या मे महिन्यात विधवांच्या बाबतीतल्या जुन्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एक खेडं जर हे करू शकतं, तर चौघं पदवीधर असलेलं आपलं घर का नाही? आपल्या गुरुजींना मी विचारलं. ते म्हणाले, “संकल्पात त्यांचं नाव घेईन, मला काही अडचण नाही.”

घटनेचं पंचविसावं कलम आपल्या देवघरात येत नाही. तिथे सत्याग्रह होत नाही, उच्च न्यायालयाचा निकाल लागत नाही. तिथे माईंना जागा द्यायची की नाही हे आपणच ठरवायचं, आणि माई काही भांडणार नाहीत. न भांडणाऱ्या माणसाचा हक्क राखणं म्हणूनच जास्त जोखमीचं असतं.

ज्यांना हे अजिबात पटत नाही, त्यांनाही एक सांगते. तुमची श्रद्धा तुमच्यापाशी ठेवा, ती सोडा असं मी म्हणणार नाही. प्राणप्रतिष्ठेच्या वेळी यायचं नसेल तर नंतर आरतीला या. तेही नको असेल तर तुमचा प्रसाद तुमच्या घरी पोहोचेल आणि पुढच्या वर्षी तुमच्यासाठी पाट मांडलेलाच असेल. तुमच्या श्रद्धेचा मान मी ठेवीन. पण तिच्या जोरावर माईंचा हात अडवायचा हक्क तुम्हाला नाही, तसा तो मलाही नाही.

तर चतुर्थीला सकाळी नऊ वाजता पूजा सुरू होईल. पूजेला माई बसतील. त्या तिथे बसल्यावर उकड कोण काढणार, हा मात्र मोठाच प्रश्न आहे! तेव्हा सुनांनो, लेकींनो आणि हो, मुलांनो तुम्हीसुद्धा, आदल्या दिवशी संध्याकाळीच या. नारळ खवायचे आहेत.